खंडेनवमीचं कुंकू

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण हे एक अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यात एका शहर ठाण्याचा प्रभारी होतो. गावाबाहेर म्हशी पाळणारी एक बाई तक्रार घेऊन आली.

"साहेब, नाल्याचं पाणी पिऊन एक म्हैस तडफडून मेली. दुसरी गाभण हाय. दुसरं पाणी न्हाई आमच्याकडं. ही बी गेली तर आमी खावं काय?"

त्या नाल्यात फक्त पावसाचं पाणी यायला हवं. पाऊस ओसरला होता, तरी हिरवट पाणी वाहत होतं आणि नाकाला झोंबत होतं. पंचांसमक्ष नमुने घेतले आणि काठाकाठाने वर गेलो. वास पेरणीयंत्रांच्या एका कारखान्यापाशी थांबला. तिथे रंग देण्याआधी लोखंड ॲसिडने धुतात.

दुसऱ्या दिवशी तिथे चौकशीला गेलो. मालक मोठा गोडबोल्या. "घाण पाणी ह्या हौदात साठतं अन् टँकरनं जातंय, साहेब. हौदाचा नाल्याकडचा हा व्हॉल्व्ह कवाचा बंद हाय. त्याचं चाकसुद्धा हरवलं." खरंच, व्हॉल्व्हला फिरवायचं चाक नव्हतं आणि नाला त्या दिवशी कोरडा होता. आम्ही हात हलवत परतलो. मला त्याचा भयंकर राग आला होता.

खंडेनवमीला त्यानेच पूजेचं आमंत्रण धाडलं. सकाळी ठाण्यात बंदुकांना कुंकू लावून मी तिकडे गेलो. सतरंजीवर पाने, हातोडे, ड्रिल मांडलेले. त्यांच्यात लोखंडाचं एक छोटं चाक, कुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल.

"हे कशाचं?" मी मिस्त्रीला विचारलं.

"हौदाच्या व्हॉल्व्हचं, साहेब. रोजचं हत्यार हाय, पूजेतून कसं वगळावं?"

मी चाक उचललं आणि हौदापाशी जाऊन व्हॉल्व्हवर चढवलं. ते बरोबर बसलं आणि दोन बोटांनी फिरलं. हिरवं पाणी नाल्यात धो धो पडलं.

ठाण्यात तो म्हणाला, "पावसात वाहून जातंय साहेब, कुणाला काय तकलीफ?" मी समोरच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे ती बाई बसली होती. मग त्याने मान खाली घातली आणि सगळं कबूल केलं. गुन्हा नोंदवला, व्हॉल्व्ह सिमेंटने बुजवला.

माणूस पोलिसांपुढे बिनदिक्कत खोटं बोलतो. पण ज्या हत्यारावर पोट भरतं, त्याला पूजेच्या दिवशी लपवून ठेवायला राबणाऱ्याचा हात धजत नाही, हे मी तिथे शिकलो.

ठाण्यात कुणाकडून काही घ्यायचं नाही, हा माझा कडक नियम होता. पुढे ती बाई डबा घेऊन आली. "व्याली, साहेब. पारडी झाली." डब्यात खरवस होता. मी चमचा मागवला.