नऊ-शून्य

खालकर सर वर्गात आले की हजेरीआधी सांगायचे, "आपली टीम हरली." आपली म्हणजे अँग्विलाची. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट आमच्या निफाड तालुक्याच्या एका कोपऱ्यात मावेल. फुटबॉलच्या जागतिक क्रमवारीत त्यांचा संघ कायम तळाशी. सर तिथे कधी गेले नव्हते, जाणारही नव्हते. मोबाईलवर निकाल बघायचे. "हरले ते लपवलं का? जगाला दिसंल असं लिहून ठेवलंय."

सायखेड्याकडच्या आमच्या कॉलेजात ते तासिका तत्त्वावर खेळ शिकवायचे. म्हणजे नोकरी दर जूनला नव्याने मिळायची, किंवा मिळायची नाही. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. फुटबॉल टीव्हीवरही पाहिला नव्हता. सरांनी मला बचावाला उभं केलं. "वाफ्याचं पाणी अडवतोस ना? तसा माणूस अडव."

नाशिकला सामना होता तेव्हा द्राक्षबागांची छाटणी ऐन भरात होती. अकरातले आठच आलो. पंच म्हणाले, समोरच्यांना पुढे चाल द्या, पोरांची फजिती कशाला. सर म्हणाले, "नियमानं सात पोरांवरही खेळता येतं. आमचा एक जास्तच हाय."

नऊ-शून्यने हरलो. गोलकीपर रडायला लागला. सरांनी त्याला दोन वडापाव दिले, आम्हाला एकेक.

दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर सरांनी टाईप केलेला कागद लागला. नऊ-शून्य, आणि खाली आम्हा आठांची नावं. कँटीनमध्ये पोरं म्हणाली, या, अँग्विलावाले, या. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. मी रजिस्टर घेऊन दाराशीच उभा होतो. संस्थेची माणसं येणार आहेत, कागद काढा, जूनमध्ये तास हवेत ना, असं ते शांतपणे म्हणाले.

"साहेब, तास तुमचे हायेत," सर म्हणाले. "पण पोरं खेळलीत. त्यांची नावं मी नाय काढणार."

संध्याकाळी शिपायाने कागद काढला. जूनमध्ये सरांना तास मिळाले नाहीत. ते सातपूरला एका कारखान्यात लागले.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी सातपूरला गेलो आणि पहिली पाळी सुटेपर्यंत गेटबाहेर थांबलो. पास झालो, हे मी जरा मोठ्यानेच सांगितलं. आमच्या घराण्यात हे सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती, हळू का सांगायचं? सरांनी पाठीवर थाप मारली. मग विचारलं, आठांतले किती? पाच, म्हणालो.

"राहिले ते तिघं कोण? रविवारी सुट्टी हाय. जाऊन येतो त्यांच्याकडं."