रांजणातल्या दोन जाती

शिंगवाल्या भुंग्यांची ती शिंगं नसतातच, जबडे असतात. दोन नर एका डब्यात राहिले की सकाळी एकाचं धड इकडे आणि पाय तिकडे. पिंपळनेरच्या जंगलातून आणलेले असे कितीतरी भुंगे मी ऐंशीच्या दशकात धुळ्याच्या आमच्या घरी टाचणीनं टोचले. संशोधन म्हणजे शांत काम, असं म्हणणाऱ्यांना मी हसते.

माझ्या मार्गदर्शक सरांनी या भुंग्यांच्या दोन जाती मांडल्या होत्या. मोठ्या जबड्यांची घाटमाथ्यावर, लहान जबड्यांची पायथ्याला. नकाशावर मधोमध लाल रेघ. त्या रेघेवरच त्यांचं नाव झालं होतं. मला ती पटेना. माथ्यावरचं लाकूड मऊ, कुजकं, तिथली अळी खाऊन माजते. खाली सगळं वाळकं. अर्धपोटी अळीचे जबडे लहानच राहणार. जात एकच, असं मी म्हटलं आणि सर भडकले. माझ्या प्रबंधाला त्यांची सही लागणार होती, तेव्हा गप्प बसणं शहाणपणाचं. तो गुण माझ्यात नाही.

मी एकच मादी धरून अंगणातल्या रांजणात सोडली. निम्मं कुजकं लाकूड भरलं, निम्मं वाळकं. एकाच आईच्या पोटी दोन्ही तऱ्हेचे नर निघाले, की रेघ पुसली!

वर्ष उलटत आलं, तेव्हा कुणीतरी सरांचे कान भरले. भर दुपारी ते आमच्या अंगणात आले, धुणं बडवायचं धोपटणं उचललं आणि रांजणावर घातलं. एक खापर माझ्या कपाळात बसलं. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "ओ भाऊ, डोकं फिरनं का तुमनं?" गल्ली गोळा झाली.

भुशात कोष उघडे पडले होते. नराचे जबडे कोषातच दिसतात. मोठ्या जबड्यांचे आणि लहान जबड्यांचे, सगळे शेजारी शेजारी. माझं म्हणणं सरांनी स्वतःच्या हातानं फोडून दाखवलं होतं. तेही बघत राहिले. मग चपलेनं चिरडायला लागले, पण फक्त लहान जबड्यांचे. मोठ्यांवर त्यांनी पाय पडू दिला नाही. नुसते मोठेच उरले, तर त्यांची रेघ शाबूत राहणार होती. म्हणजे माणसाला कळलं होतं. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटच्या लहान कोषावर पाय उचलला गेला, तशी मी झेपावले, कोषावर ओणवी झाले आणि तो पाय दोन्ही हातांनी धरला. बायकांना वाटलं, मी माफी मागतेय. एक म्हणालीसुद्धा, "जाऊ द्या सर, पोर पाया पडनी."

मी घोट्यात दात रोवले. रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. सर बोंबलत, लंगडत गेले आणि माझ्या पोटाखालचा कोष हळूच वळवळला.