दोन्ही हात मोकळे

कोणी आभार मानले की ते दोन्ही तळहात उघडे करून दाखवायचे आणि म्हणायचे, "याच्यानं काही स्वर्ग भेटत नाही."

वैशाली नगरात ते आमचे शेजारी. मूळचे भंडाऱ्याकडचे, ख्रिस्ती. स्टील प्लांटमध्ये रिगर होते. उंचावर चढून जड सामान दोरांनी चढवायचं-उतरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर गल्लीतली तुंबलेली नाली, बिघडलेली मोटर, दवाखान्यात कोणाजवळ तरी बसणं, सगळं त्यांच्याकडे आलं. आमचा पंखा सुरू करून दिल्यावरही त्यांनी तेच वाक्य म्हटलं. आम्ही बौद्ध. आई म्हणाली, "आमाले स्वर्ग नोको, भाऊ. पंखाच पाहिजे होता."

त्यांना ते फार पटलं.

तारण, म्हणजे उद्धार, येशूवरच्या विश्वासानं होतं, चांगल्या कामानं नाही, असं ते सांगायचे. मी एकदा विचारलं, "मग एवढं करता कावून, काका?"

"वर चढलं का आधी सेफ्टी बेल्ट अडकवाचा. दोन झटके देऊन पाहाचा. ज्याचा बेल्टवर भरोसा नाही, तो एका हातानं पाइप धरून ठेवते अन् एकाच हातानं काम करते. माहा बेल्ट येशूजवळ पक्का हाये. मंग मोकळ्या हातायनं करू काय?"

दोन झटक्यांची सवय त्यांना सगळीकडेच होती. आमचं गेट, माझी पुस्तकांची फळी, काहीच सुटलं नाही.

मग न्हाणीत घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं आणि ते खाटेला लागले. भेटायला येईल त्याच्याकडे काम मागायचे. काकूंनी वाटाणे सोलायला दिले. पडल्या पडल्या सोलताना अर्धे गादीखाली गेले.

"वर विचारलं, शेवटी काय करून आला, तर मी सांगू काय?" ते मला म्हणाले. "वाटाणे सांडवले?"

"तुमीच तर सांगत होते, कामानं स्वर्ग भेटत नाही म्हणून," काकू म्हणाल्या.

"तवा हातून काम होत होतं. तवा सांगनं सोपं होतं."

"म्हंजे जनमभर एक हात पाइपलेच होता तुमचा!"

त्यांनी उरलेल्या शेंगा पुन्हा जवळ ओढल्या. पुढचे दोन दिवसही ते काम मागतच राहिले.

तिसऱ्या सकाळी मी त्यांना खुर्चीवर बसवायला गेलो. काखेत हात घालून उचललं, तर त्यांनी खाटेची दांडी घट्ट धरलेली.

"सोडा, काका."

"पडीन ना बे."

"मी धरलं हाये."

त्यांनी माझ्या मनगटाला दोन झटके दिले. मग दांडी सोडली. खुर्चीत बसल्यावर हात मांडीवर तसेच उघडे राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी कोणाकडेच काम मागितलं नाही.

पावसाळ्याआधी ते गेले. कबरस्तानात पास्टरांनी त्यांची सत्कृत्यं एकेक करून सांगितली. "त्यायले आवडलं नसतं," काकू माझ्या कानात म्हणाल्या.

पेटी त्यांच्या प्लांटमधल्या जुन्या सोबत्यांनी दोरांवर उतरवायला घेतली. खड्ड्याच्या काठावर त्यांतल्या एकानं दोराला दोन झटके देऊन पाहिले. मग सगळ्यांनी मिळून दोर सैल सोडले.