साडूंच्या शेजारचा समुद्र

समुद्राशी बांधावरून भांडलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. खुलताबादेकडच्या शेतकरी घराण्यात जन्म, पेशा मास्तरकीचा, आणि नेमणूक मिळाली ती थेट कोकणातल्या एका कोळीवाड्यात. तिथे एका विधवा कोळणीच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेऊन त्यांनी बावीस वर्षं काढली. तिला ते आक्का म्हणतात, ती त्यांना गुरुजी. निवृत्त होऊन परत मराठवाड्यात, गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले त्याला चार वर्षं झाली, पण आले ते नुसते अंगाने.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन पाण्यांच्या नोंदी असतात. नळाला पाणी कधी येणार ते निळ्या पेनाने आणि समुद्राला भरती कधी येणार ते लाल पेनाने. निळा अंदाज हमखास चुकतो. लाल चुकत नाही, कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे आक्काने त्यांना शिकवलंय. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्या वेळी हातातलं काम टाकून साडू आक्काला फोन लावतात आणि पाणी तिच्या उंबऱ्यापासून किती पावलांवर आलं ते विचारतात. माझ्या मुलीचा साखरपुडा नेमका दशमीला होता. साडेसातला, मानपान ऐन रंगात असताना, साडू हातातल्या टॉवेल-टोपीसकट कोपऱ्यात गेले आणि "अकराच? काल बारा व्हती ना?" असं एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की व्याह्यांना वाटलं, पंगतीत पानं कमी पडली. मेव्हणीने कपाळाला हात लावला. तिचा तो हात आता बहुधा तिथेच असतो.

आता हे बांधाचं भांडण. आमच्याकडे शेजारचा शेतकरी दरवर्षी नांगरताना वीतभर बांध कोरतो, आणि त्या वीतभरासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं तोंड बघत नाहीत. साडू याच संस्कारात वाढलेले. समुद्राने किनाऱ्यावरची सुरूची झाडं गिळली, मग मासळी वाळवायची जागा गिळली, तेव्हा सगळ्या कोळीवाड्याला समुद्र दिसत होता आणि साडूंना बांध कोरणारा शेजारी. त्यांनी आक्काच्या हद्दीवर चुना लावलेले दगड पुरले. अमावास्येच्या भरतीने ते उपटून नेले. मग यांनी तिला रीतसर मोजणीचा अर्ज करायला लावला. मोजणीदार आला, कागद बघितला, समुद्र बघितला, आणि पश्चिमेची खूण दाखवायची तर होडी लागेल म्हणून सांगून चहा पिऊन गेला.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढे कोळीवाड्याला टेकडीवर जागा मिळाली आणि एकेक घर वर जायला लागलं. तेव्हा साडूंनी आक्काला आपल्या वडिलांचं वाक्य ऐकवलं होतं की, बांधावरून आपण एक पाऊल मागं सरकलो तर शेजारी दोन पावलं पुढं येतो. पुढची रांग सगळी उठली. आक्का तेवढी राहिली.

यंदा श्रावणात फोनवर पावलं पाच झाली. साडू पुंडलिकनगरला माझ्या घरी आले, खुर्चीच्या टोकावर बसले, आणलेल्या चहाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "पाव्हणं, माझ्या शब्दावर थांबलीय ती. संगं येता का? मला एकट्याला सांगायला व्हणार नाय." त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आक्काच्या घराची पायरी अधांतरी लोंबत होती, खालची वाळू गेलेली. साडूंनी उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत स्वतः पावलं टाकली. तीनच भरली. आक्का चणीने लहान, तिची पाच म्हणजे यांची तीन, हे चार वर्षांत या मास्तराच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते परत आले आणि तिच्यापुढे मान खाली घालून उभे राहिले.

"आक्का, घर सोडा. मी चुकीचं शिकवलं. ह्यो आपल्या बांधावरचा शेजारी नव्हं."

आक्काने आम्हाला आत नेलं. जाळी, भांडी, देव, अंथरुणं, सगळं गाठोड्यांत बांधून भिंतीला ओळीने लावलेलं होतं.

"आषाढातच बांधून ठेवलंय, गुरुजी. तुम्ही बोलाल तेव्हा निघायचं, म्हणून थांबले."

साडू त्यातल्याच एका गाठोड्यावर बसले आणि रडले. संध्याकाळच्या आत आम्ही टेम्पो भरला.

परवा चतुर्थीला मी गारखेड्याला गेलो होतो. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं आणि साडू भांडी भरत होते. तीन वाजले. टेकडीवरच्या घरातून समुद्र दिसत नाही, त्यामुळे मोजायला आता पावलं नाहीत. तरी त्यांनी फोन लावला. काय विचारावं ते बहुधा सुचेना. मग हळूच म्हणाले, "ऐकू तरी येतो का?"

पलीकडे आक्काने फोन खिडकीबाहेर धरला असावा. बादली भरून वाहायला लागली, आणि साडू फोन कानाला लावून तसेच उभे राहिले. शेवटी मीच नळ बंद केला.