मालकाच्या रकान्यातले चाचा

बागवाल्या चाचांना कुणी ‘मालक’ म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. आणि आम्ही मराठी माणसं! मान द्यायचा म्हणजे तोंडातून “या मालक, बसा मालक” हेच निघणार. चाचा हातातली काठी जमिनीवर आपटायचे. “मालक तो ऊपरवाला. मी राखणदार. किती बार सांगू, बाबू?”

आमच्या गावच्या इतवारा पेठेबाहेरची आमराई आणि तिच्यातली विहीर त्यांच्या कुणा पूर्वजानं वक्फ करून ठेवली होती, म्हणजे देवाच्या नावानं कायमची सोडलेली. ती विकायची नाही, वारसांत वाटायची नाही, उत्पन्न फक्त गरजूंना द्यायचं. चाचा पाडाचा एक आंबासुद्धा बागेच्या डब्यात पैसे टाकल्याशिवाय तोंडाला लावत नसत. वादळात एखादं झाड पडलं की त्याच्या बदली दोन रोपं लावत. “आंबे वाटायचे बाबू, झाड नाही वाटायचं.” सत्तरीचा म्हातारा, त्या रोपांची फळं तो काय खाणार होता!

आंब्याच्या पैशातून ते सूत घेऊन ठेवत. नवरा नसलेल्या बायांना माग चालवायला ते उसनं मिळे. कापड विकलं की तेवढंच सूत परत आणायचं, वर एक तारही नाही. जैबुन आपा याच सुतावर चार लेकरं वाढवत होती. बाजारातले सावकार चाचांना टोमणे मारत, तर हे मिशीत हसून म्हणत, “आमच्याकडे सूत मिळतं, सूद नाही मिळत.” सूद म्हणजे व्याज. हा विनोद मी शंभरदा ऐकला असेल आणि शंभरदा हसलो असेन.

मग राज्यांच्या सीमा बदलल्या. आमच्या गावाचं नागपूर तुटलं, भोपाळ जोडलं गेलं. नवं राज्य, जमिनीच्या नोंदीचे नवे छापील अर्ज, सगळे हिंदीत. मी कचेरीत नवाच कारकून. अक्षर चांगलं, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याच गळ्यात. चाचांनी उर्दू वक्फनामा आणून दिला. अर्जात ‘मालिक’ असा रकाना होता, राखणदाराचा नव्हताच. मी गाढवानं एवढ्या मोठ्या माणसाचं नाव तिथं ठसठशीत लिहिलं, मोठ्या मानानं! चाचांना नागरी वाचता येत नव्हती. माझ्या भरवशावर त्यांनी सही केली, आणि मूळ कागद जुन्या दप्तराशी ताडून बघायला नागपूरला गेला.

काही वर्षांनी चाचांना दम्यानं अंथरुणाला खिळवलं. मूलबाळ नव्हतं. परगावचा पुतण्या आला आणि बागेच्या कागदाची नक्कल मागायला माझ्याच टेबलाशी उभा राहिला. नक्कल काढली, तर ‘मालिक’च्या रकान्यात माझंच ठसठशीत अक्षर. चाचा मालक, म्हणजे पुतण्या वारस! मूळ कागदासाठी मी वेड्यासारखा पत्रं लिहीत सुटलो. नागपूर म्हणे भोपाळला पाठवला, भोपाळ म्हणे आलाच नाही. इकडे चाचांचा श्वास रोज आखूड होत होता.

साहेबांनी एकच वाट सांगितली. चाचांनी मालक म्हणून नवं दानपत्र करावं, बाग वाचेल. मी धावत गेलो, पाय धरले, चूक कबूल केली, रडलो. चाचा धापा टाकत ऐकत होते.

“मालक म्हणून सही करू? जी चीज माझी नाही, ती मी देऊ कशी?”

“चाचा, नाहीतर सगळं जाईल हो!”

“जाईल. पण मी झूठ नाही लिहिणार.” मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “रडू नको. तू इज्जतच दिली बेटा, फक्त चुकीच्या खान्यात लिहिली.”

पाचव्या दिवशी ते गेले. पुतण्यानं बाग विकली. झाडं कैऱ्यांसकट तोडली, विहीर बुजवली. मी रस्त्यावर उभा राहून बघत होतो, दुसरं काय करणार?

त्याच आठवड्यात जैबुन आपा सुताच्या लडी घेऊन माझ्या दारात आली. “बाबू, हे बागेचं सूत. परत आणलं.”

“आपा, बाग गेली, चाचा गेले. आता ठेवा तुमच्याकडेच.”

तिनं लडी माझ्या उंबऱ्यावर ठेवल्या. “बाग गेली म्हणून हे सूत माझं कसं होईल, बाबू? मी काय मालक आहे?”