मूर्ती कोणी हलवली

आमच्या मंडळानं मला निवडणूक अधिकारी केलं, कारण मी फारसं बोलत नाही. "हा कुणाच्या अध्यात ना मध्यात," असं अध्यक्ष सभेत म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला परदेशात असं कौतुक क्वचितच वाट्याला येतं.

मंडळ लंडनच्या या बाजूच्या मराठी घरांचं. हॅरो, स्टॅनमोर, हाउन्सलो अशा शाखा. अध्यक्ष सगळ्यांचा मिळून एकच, पण मतपत्रिका ज्या त्या शाखेनं छापायची आणि मतं आपापल्या हॉलमध्ये घ्यायची. हॅरोची शाखा सगळ्यांत मोठी, आणि अधिकारी मी तिथला. हॅरोत जो पडला तो पडलाच.

त्या वर्षी अध्यक्षांच्या विरोधात माझा मित्र उभा राहिला. मित्र म्हणजे, इथे आलो तेव्हा ज्याच्या स्टॅनमोरच्या घरी आम्ही नवरा-बायको घर मिळेपर्यंत राहिलो, तो. त्याचे वडील, आम्हा सगळ्यांचे काका, बायको गेल्यावर नागपूरहून त्याच्याकडे राहायला आले होते. गणपतीत अथर्वशीर्ष काकांनीच म्हणायचं, असा रिवाज पडून गेला होता.

भांडण तिथूनच सुरू झालं. आदल्या गणपतीत रविवारी दुपारी हॅरोच्या हॉलमध्ये काका स्टेजवर बसून म्हणत होते. वयामुळे जरा हळू चाललं होतं, एक ओळ दोनदा झाली. प्रायोजकाचा माणूस घड्याळ बघायला लागला आणि कार्यक्रम सांभाळणाऱ्या मुलीनं माइक बंद केला. "काका, थँक यू हां, लंच रेडी आहे." लोक शेजारच्या हॉलमध्ये जेवायला गेले. काका माइकशिवाय म्हणतच राहिले. पूर्ण करून थांबले.

मित्र पांढराफटक पडला होता. म्हणाला, "चल, उचल. आपला गणपती आपण हाउन्सलोला नेऊ. तिथल्या शाखेतल्या कुणाच्या तरी बॅकगार्डनमध्ये विसर्जन करू, पण नीट करू."

"अरे, बक्षीस समारंभ आहे सहाला," मी म्हणालो. "काउन्सिलर येणारेत."

"मग काउन्सिलरला बसवा मखरात."

काकांनी मात्र हात आडवा केला. "बसलेला देव असा उचलायचा नाही. आधी उत्तरपूजा." तिथल्या तिथे त्यांनी गंध, फुलं, अक्षता वाहिल्या, दही-पोह्यांऐवजी डब्यातला दहीभात ठेवला, मंत्र म्हटले. शेवटी मूर्ती जागची किंचित हलवायची असते. ती हलली की देव गेला, उरते ती माती. काकांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. मला म्हणाले, "तू हलव रे. माझ्या हातून पडायची."

मी हलवली. बोटभर. ती थंड, जड माती अजून माझ्या तळहाताला कळते.

मग पाटाची एक बाजू मित्रानं धरली, एक मी, आणि मूर्ती मागच्या दारानं त्याच्या गाडीत ठेवली. तो आणि काका निघाले. मी परत येऊन जेवणाच्या रांगेत उभा राहिलो. मसालेभात घेतला, कोशिंबीर घेतली.

संध्याकाळपर्यंत निम्मे लोक हाउन्सलोला जाऊन पोचले होते. इकडे अध्यक्ष काउन्सिलरबाईंना घेऊन रिकाम्या मखरासमोर उभे. "हे बंड आहे," ते म्हणाले, आणि शब्द चिकटला.

आमच्या घटनेत एक कलम आहे. मंडळाविरुद्ध ज्यानं बंड केलं किंवा जो त्यात सामील झाला, त्याला कुठल्याही पदासाठी उभं राहता येत नाही. जुन्या लोकांनी कधीतरी फुटीच्या भीतीनं घातलेलं. कुणी ते वापरलं नव्हतं. जानेवारीत मित्रानं अर्ज भरला आणि अध्यक्षांच्या माणसानं बरोबर त्या कलमावर बोट ठेवून हरकत घेतली.

तेव्हा अमेरिकेत एका राज्यानं बंडाच्याच कारणावरून एका मोठ्या उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवरून काढलं होतं. त्यामुळे सुनावणीला शाळेच्या हॉलमध्ये जमलेला प्रत्येकजण वकील झाला होता.

"अमेरिकेत चालतं, मग हॅरोत का नाही?"

"तिथं संसदेवर चाल करून गेले होते. इथं मोदक पळवले!"

हशा झाला. मित्र हसला नाही. उठून म्हणाला, "माझं एवढंच म्हणणं आहे, की निवडणूक सगळ्या मंडळाची आहे. मी बंडखोर आहे की नाही, ते सगळ्या मंडळानं ठरवावं. हॅरोनं नाव खोडलं, हाउन्सलोनं ठेवलं, तर मी नक्की कोण? हॅरोची वेस ओलांडली की बंडखोर?"

मुद्दा बिनतोड होता. मला पटला होता. पण अध्यक्षांचा माणूस चतुर. तो म्हणाला, "ते राहू द्या. साधी गोष्ट सांगा. उत्तरपूजा न करता बसलेला देव पळवला, हे खरं की खोटं? झाली असेल तर उत्सव संपला होता, विसर्जनच केलंत, मी हरकत मागे घेतो."

"झाली," काका मागून म्हणाले. उभे राहिले, काठी टेकत. "मी केली."

"कोण होतं तेव्हा, काका?"

"मी, हा माझा मुलगा, आणि एकजण. त्यानं मूर्ती हलवली."

"कुणी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच टेबलामागे बसलो होतो, निवडणूक अधिकारी अशी पाटी पुढे ठेवून.  मग ते म्हणाले, "आठवत नाही."

कुणीतरी हळूच म्हणालं, "काकांचं आताशा असंच होतं." मित्र म्हणाला, "ज्यानं हलवली त्याला आठवत असेल." त्यानं माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, फक्त वाट पाहिली.

मी का गप्प बसलो ते आता लिहितो, आजवर बायकोलाही धड सांगितलं नव्हतं. मी अध्यक्षांच्याच कंपनीत होतो. माझा व्हिसा त्यांच्या कंपनीचा होता आणि इथे कायम राहण्याचा आमचा अर्ज त्या वसंतात जायचा होता. त्यांनी मला धमकी दिली नव्हती. तसं काही बोललेही नव्हते. मीच मनात सगळं बोलून घेतलं. त्याच कलमानं मीही सामील ठरत होतो, आणि सामील माणूस निवाडा देत होता. साक्षीदारच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला होता आणि पुरावा नाही म्हणून खंत करत होता.

मी म्हणालो, "घरच्यांशिवाय उत्तरपूजेला कुणाचा दुजोरा मिळत नाही. नाव मतपत्रिकेवर येणार नाही."

हाउन्सलोनं त्याचं नाव ठेवलं, तिथे त्याला भरघोस मतं मिळाली. हॅरोत तो कागदावरच नव्हता. अध्यक्ष पुन्हा अध्यक्ष झाले.

मार्चमध्ये एका सकाळी बायको फोनवरची बातमी वाचत म्हणाली, "अरे, अमेरिकेच्या कोर्टानं फिरवलं. एकेका राज्याला असं नाव खोडता येणार नाही म्हणे, देशाच्या निवडणुकीत." मी टोस्टला लोणी लावत होतो. तिनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, काही नाही. कायद्यानं मित्र बरोबर होता, हे मला आधीच ठाऊक होतं. पण कुठल्याच कोर्टाला जे ठरवता येत नाही ते माझ्या तळहातावर होतं.

आमचा परवाना आला. मी नोकरी बदलली. म्हणजे आता भीतीसुद्धा उरली नव्हती, तरी मी बोललो नाही. पुढच्या गणपतीला काका आले नाहीत. अथर्वशीर्ष स्पीकरवर लावलं, अगदी वेळेत संपलं. थंडीत काका गेले. मला मंडळाच्या ग्रुपवरून कळलं. हात जोडलेल्या खुणांची रांग लागली होती, तीत एक माझी.

अंत्यविधीला मी मागच्या बाकावर बसलो. मित्रानं सगळ्यांना नमस्कार केला, मलाही केला, अनोळखी माणसाला करतात तसा.

यंदाच्या वार्षिक सभेत पुन्हा माझंच नाव सुचवलं गेलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मला नको. त्या वर्षी मूर्ती मी हलवली होती. उत्तरपूजा झाली होती. पाट मी धरला होता."

 मग एक बाई म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या ना आता. झालं ते झालं." दुसरं कुणी म्हणालं, "चहा घेऊया का? हॉल पाचला द्यायचाय." अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. मी इतका काळ जे उराशी धरून होतो त्याचं तिथं कुणाला काही पडलं नव्हतं. ते ज्यांना सांगायचं त्यांतला एक गेला होता, आणि दुसरा स्टॅनमोरला होता.

तसाच गेलो. दार त्यानंच उघडलं. आत बोलावलं नाही, दार लावलंही नाही.

"मी आज सभेत सांगितलं," मी म्हणालो.

"कळलं. फोन आला होता."

"काकांना खरंच आठवत नव्हतं, की..."

त्यानं चपलांच्या स्टँडकडे पाहिलं. तिथं काकांची काठी अजून टेकवलेली होती.

"आठवत होतं," तो म्हणाला. "घरी येताना गाडीत मी विचारलं, बाबा, नाव का नाही घेतलंत? म्हणाले, त्याचे कागद अडकलेत रे. तो बोलेल आपणहून." मग म्हणाला, "शेवटच्या आजारपणात मला ओळखत नव्हते. पण दाराची बेल वाजली की विचारायचे, तो आला का?"

मी रडलो, त्याच्या दारात, शेजारी गाडी धूत होते त्यांच्यासमोर. त्यानं मला अडवलं नाही, जवळही घेतलं नाही. शेवटी म्हणाला, "जा आता. घरी वाट बघत असतील."

मी स्टेशनाकडे न जाता चालत निघालो. मूर्ती हलवलेला उजवा हात खिशात घालावासा वाटेना.