कागदी लिंबाचं कलम

तेलंगण वेगळं होणार हे ठरलं, त्या वर्षी हिमायतनगरात आमच्या अपार्टमेंटमागच्या सरकारी मोकळ्या जागेत आम्ही सात घरांनी मिळून बाग करायला घेतली. नवं सरकार त्या जागेचं काय करील, कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून बाकीचे महिन्याभरात हाती येईल अशी मेथी आणि पालक पेरत होते. मी कागदी लिंबाचं कलम आणलं. नवशिका असल्यामुळे कलमाचा जोडही मातीत पुरला, आणि रोप कुजलं. शेजारच्या तेलुगू अक्का म्हणाल्या, "जोड मातीच्या वर चार बोटं तरी हवा." दुसरं कलम आणून तसं लावलं.

सोसायटीचे सेक्रेटरी कठड्यावरून हसले. "क्या साब, इधर स्टेट बँट रा, उधर तुमे नींबू लगारे? फल कब आते?"

"तीन साल."

"तब तक ये जगा रहती?"

त्यांना मराठी चांगलं कळतं, म्हणून मी मराठीतच सांगितलं, "मेथी कुणीही येऊन उपटेल. झाड तोडायला परवानगी लागते. सरकार कुठलंही येऊ दे, परवानगी मागायला लागलं की मी भांडायला उभा आहे."

ते आत गेले. मी कुदळ उचलली आणि आळं आणखी रुंद केलं.